"माझं दीक्षित चालू आहे"

लातूर-नांदेडकडे लग्नघरी कुणी चहाला हात लावला नाही, तर कारण विचारावं लागत नाही. "माझं दीक्षित चालू आहे," एवढं पुरतं. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळच्या जेवणाची ही पद्धत घरोघरी पोचवली. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. खऱ्या भुकेच्या दोन वेळा ओळखा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा, गोड टाळा, रोज ४५ मिनिटं चाला. नियम सुटसुटीत, म्हणून ज्याने त्याने आपल्या सोयीने वाकवलेले.

"दोनदाच जेवायचं ना? मग कितीही हाणा." इथेच गाडी अडते. वजन उतरतं ते बहुतेक मधलं चरणं थांबल्यामुळे. मोंढ्यातल्या माणसाचा दिवस आठवा. गिऱ्हाईक आलं की चहा, हिशेब झाला की चहा. कपाला दोन चमचे साखर धरली तर पाच कपांत ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी; फरसाण वेगळंच. ते बंद झालं की काटा खाली येणारच. श्रेय मात्र घड्याळाला मिळतं. चीनमधल्या ग्वांगझूत १३९ स्थूल माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, २०२२ मध्ये प्रसिद्धही झाला. सगळ्यांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या. निम्म्यांना सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायची मुभा होती. त्यांचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, इतरांचं ६.३. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक ठोस ठरला नाही.

"आम्ही पिढ्यान्‌पिढ्या एकादशी करतो, आम्हाला हे नवीन नाही." एकादशी नि दुप्पट खाशी, हे आपणच म्हणून ठेवलंय! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावाला. त्यात बटाटा, वर तूप, संध्याकाळी पुन्हा भगर. श्रद्धेचा उपवास जरूर करावा, पण त्याने रक्तातली साखर उतरेल ही आशा नको.

"उपवासाने वय थांबतं, त्याला नोबेल मिळालंय." २०१६ चं नोबेल योशिनोरी ओसुमींना मिळालं ते पेशी आपलाच टाकाऊ भाग कसा मोडून पुन्हा वापरतात, या शोधासाठी, आणि त्यांचं मूळ काम यीस्टवरचं. माणूस उपाशी राहिल्याने जास्त जगतो, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. उलट साठीनंतर स्नायू आपोआप झिजत असतात. त्यात दोन जेवणांत डाळ, दही, अंडी, मटकी पुरेशी आली नाहीत, तर वजनाबरोबर पायातलं बळही जातं.

सगळ्यात महागात पडणारा समज: "नाश्ता सोडला, गोळी मात्र वेळेवर घेतली." ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन जेवणाची वाट बघत नाही. अकराच्या सुमारास घाम फुटतो, हात थरथरतात, घेरी येते. घरचे म्हणतात, ऊन लागलं. तेव्हा आधी साखर किंवा ग्लुकोज तोंडात घालायचं, ५५ मिनिटांचा हिशेब नंतर. गरोदर बाई, वाढत्या वयाची मुलं आणि टाइप १ मधुमेही यांनी तर या वाटेला स्वतःहून जाऊच नये.

रमजानमध्ये रोजे धरणाऱ्या मधुमेहींच्या औषधांच्या वेळा कशा बदलाव्यात, याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आहे. डॉक्टरांना सहा ते आठ आठवडे आधी भेटायचं असतं. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणाऱ्या आजींच्या गोळ्या घेऊन असं आधी कोण जातं?