मिस्त्रींची काळी बोटं

तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रींनी रंधा बाजूला ठेवला आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांची टोकं आणि तळव्यांच्या रेघा निळसर काळ्या झाल्या होत्या. "काका, लाकूड तर पांढरं म्हणता. मग हात कामून काळे झाले?"

मे महिना होता, बाहेर एक्केचाळीस अंश. गारखेड्यात माझ्या भावाच्या घराचं काम चाललं होतं. भाऊ-वहिनी पुण्याला मुलीकडे गेलेले, म्हणून कामावर बसायला मी. पुतणीनं फोनवर पाठवलेल्या चित्रांत सगळं घर वाळल्या गवताच्या रंगाचं दिसत होतं आणि त्याखाली दोनच शब्द होते: व्हाइट ओक. मिस्त्रींचा हात पंचवीस वर्षं सागावर बसलेला. सी.पी. सागवान म्हणून बल्लारशाकडून येणारा माल आणि गुलमंडी, औरंगपुऱ्याच्या पाडलेल्या वाड्यांमधून निघणाऱ्या तुळया हे त्यांचं जग. त्या तुळयांना रंधा लावला की शंभर वर्षांनीही तेलाचा वास येतो. ओक मात्र त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतला होता. तो सह्याद्रीत उगवतच नाही. हिमालयात त्याचा भाऊबंद बांज आहे, पण व्हाइट ओकचं गाव म्हणजे अमेरिकेचा पूर्व भाग.

मी त्यांना हिरड्याची आठवण करून दिली. हिरडा आणि हिराकस उकळून आपल्याकडे शाई करत. हिरड्यात टॅनिन असतं, हिराकसात लोखंड, दोन्ही पाण्यात भेटले की काळं होतं. ओकच्या लाकडातही टॅनिन भरपूर. रंध्याचं पातं लोखंडी आणि तळहात घामानं चिंब, त्यामुळे शाई हातावरच तयार झाली. युरोपात शेकडो वर्षं हस्तलिखितं ज्या शाईनं लिहिली गेली, तीही ओकच्या झाडावर कीटकांमुळे येणाऱ्या गाठी आणि हिराकस यांचीच. हिरडा म्हटल्याबरोबर मिस्त्रींना सगळं उलगडलं. त्यांच्या आजीनं हिरडा उगाळलेला त्यांनी पाहिला होता. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून हात कोरडे केले आणि पुन्हा कामाला लागले.

मी सांगितलं ते अपुरं होतं, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. हाताखालच्या पोरानं रात्री टेबलाच्या फळीवर ओलं फडकं ठेवलं होतं आणि त्यावर लोखंडी शिकंजा. फडकं उचललं तर शिकंज्याचा जबडा फळीवर काळ्या रंगात उमटलेला, दाते मोजता येतील इतका स्पष्ट. पोराचा चेहरा उतरला. रंध्याचे चार हात मारूनही डाग जाईना, तो आत उतरला होता. शेवटी पॉलिशवाल्यानं उपाय सांगितला. रंगाच्या दुकानात मिळणारं ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात विरघळवून ब्रशनं लावायचं. ते विषारी असतं, म्हणून हातमोजे घालून मिस्त्रींनी स्वतःच लावलं, पोराला जवळ येऊ दिलं नाही. डोळ्यांदेखत काळं फिकं होत गेलं, राखाडी झालं, मग नाहीसं. नंतर फळी दोनदा स्वच्छ पाण्यानं पुसून वाळवली. त्या दिवसापासून प्रत्येक शिकंज्याखाली कागद आला आणि साधे लोखंडी स्क्रू जाऊन स्टेनलेसचे आले. मिस्त्री पोराला रागावले नाहीत. "ह्याला सांगितलंच नव्हतं, तर कळणार कसं," एवढंच म्हणाले. ते मला फार आवडलं.

आलेल्या मालात एक फळी गुलाबीसर होती, रेड ओक असावी अशी. रेड ओक आणि व्हाइट ओक हे वेगवेगळ्या जातींचे गट. रंग फसवतो, पण पोत फसवत नाही. मला एक जुनी युक्ती माहीत होती, ती करून पाहायची ठरवली. ती गुलाबी फळी आणि एक फिकट फळी, दोन्हींतून लांबीच्या दिशेनं, धाग्याला धरून, बोटभर लांबीचे तुकडे कापले. एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवायचं, दुसरं तोंडात धरून फुंकायचं. गुलाबी तुकड्यातून बुडबुड्यांची माळ निघाली. दुसऱ्यातून पोरानं गाल फुगवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर फुंकलं, एक बुडबुडा नाही. दोन्ही लाकडांत खोडातून पाणी वर नेणाऱ्या उभ्या नळ्या असतात. रेड ओकच्या नळ्या उघड्या राहतात. व्हाइट ओकचं खोड पक्व होताना शेजारच्या पेशी फुग्यांसारख्या त्या नळ्यांत शिरतात आणि त्या बुजून जातात. म्हणून तर दारूची पिंपं व्हाइट ओकची करतात, पूर्वी जहाजंही करत. वखारवाल्यानं गुलाबी फळी बदलून दिली.

खरी मजा करवतीखाली आली. खोड सरळ चिरलं की फळीवर डोंगरांसारखे उभे नक्षे दिसतात, ते सागातही दिसतात. पण खोडाचे आधी चार उभे भाग करून वलयांना काटकोनात फळ्या काढल्या की ओक काही वेगळंच दाखवतो. गाभ्याकडून सालीकडे जाणारे मज्जाकिरण सागातही असतात, ओकमध्ये मात्र ते चांगले रुंद असतात. अशा कापात ते आडवे उघडे पडतात आणि फळीवर रेशमी चट्टे उमटतात. उजेड फिरला की चमक फिरते. मिस्त्रींनी रंध्याचा शेवटचा, कागदासारखा पातळ हात मारला, फळी खिडकीकडे तिरकी धरली आणि म्हणाले, "पैठणीच्या पदरासारखं." चित्रं पाहून ओक मागवणाऱ्यांना त्याचा फिकटपणा हवा असतो. मला वाटतं, फिकटपणा ही त्याची सगळ्यात साधी गोष्ट आहे. हे चट्टे पाहिले नाहीत तर ओक पाहिलाच नाही.

मध्ये अमावास्या आली. अमावास्येला मिस्त्री हत्याराला हात लावत नाहीत. आम्ही वेरुळला गेलो, गारखेड्यापासून तीसेक किलोमीटर. त्यांना दहावं लेणं दाखवायचं होतं. तसं ते त्यांचंच लेणं. वेरुळच्या बौद्ध लेण्यांतलं हे एकमेव चैत्यगृह, नाव विश्वकर्मा, आणि लोक त्याला सुताराची झोपडी म्हणत आले. आत स्तूपासमोर बुद्ध बसलेला आहे आणि पूर्वी सुतार मंडळी त्यालाच विश्वकर्मा मानून पाया पडत. मिस्त्रींनी हात जोडले, मग मान वर करून बराच वेळ छत पाहत राहिले. छताला कमानीसारखे वाकलेले दगडी वासे आहेत. त्यांच्यावर कुठलाही भार नाही, सगळा डोंगर एकसंध. पण लाकडी छत पाहिलेल्या डोळ्यांना वाशांशिवाय घर वाटेना, म्हणून दगडातच वासे कोरले. कार्ल्याला तर चैत्यगृहाच्या छतात खरे लाकडी वासे दोन हजार वर्षं टिकून आहेत. "म्हणजे हे दगडाचं व्हिनिअर," मिस्त्री म्हणाले.

हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले. व्हिनिअरवरून आमचं आधी बोलणं झालं होतं. कपाटांसाठी आम्ही प्लायवर ओकचं व्हिनिअर घेतलं होतं. लाकडाचा तो थर जेमतेम अर्धा मिलिमीटर. भावाला ही फसवणूक वाटत होती. मला वाटत नाही. दूर देशातल्या एका ओंडक्यातून अनेक घरांची दारं होत असतील आणि आतली प्लाय कोरड्या हवेत हलत नसेल, तर कपाटाच्या मोठ्या पल्ल्याला तेच योग्य. भरीव लाकूड हाताला लागेल तिथे हवं: टेबलाची कड, कठडा, खणाचं तोंड. न्हाणीघराच्या चौकटीला मात्र मी सागच ठेवायला लावला. तिथे तेलकट लाकडाचंच काम.

व्हिनिअरचे ताव आले, तेव्हा मिस्त्रींनी ते पत्त्यांसारखे जमिनीवर मांडले. एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेल्या तावांच्या पाठीवर खडूनं आकडे घातले, म्हणजे पाच पल्ल्यांवर एकच रेघ चालत जावी. सगळ्यात नाजूक काम पॉलिशचं. तेलाच्या पॉलिशनं ओक पिवळा पडतो, म्हणून पाण्याचं पीयू घेतलं. पण पाण्यानं धागे उठतात. आधी ओल्या फडक्यानं पुसून ते मुद्दाम उठवायचे, वाळवायचे, पॉलिश पेपरनं हलके घासायचे आणि मगच पहिला हात. फडकं सुती, बादली प्लॅस्टिकची. लोखंडाचा कीसही जवळ नको.

शेवटी खण बसवले. तोंडाच्या पट्ट्या भरीव, आठ इंच रुंदीच्या. मिस्त्रींनी प्रत्येक दोन खणांमध्ये सनमायकाचे तीन तुकडे घालून फट ठेवली. एक तुकडा एक मिलिमीटर, म्हणजे तीन मिलिमीटर. मला ती डोळ्यात खुपत होती. मी तसं बोललोही. त्यांनी फळीचं आडवं टोक दाखवलं. ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत व्हाइट ओक वलयांच्या दिशेनं साधारण साडेदहा टक्के आकसतो आणि किरणांच्या दिशेनं साडेपाच, असं मी वाचलं होतं. साग याच्या जवळपास निम्मा. मिस्त्रींना हे आकडे माहीत नव्हते. तीन आठवडे ते फळ्या उन्हाआड उभ्या करून ठेवत होते आणि रोज सकाळी गुण्या लावून पाहत होते. आपल्याकडची मे महिन्यातली हवा आणि श्रावणातली हवा यांत काय फरक आहे, हे त्यांना फळी सांगत होती. "आता लाकूड तहानलेलं आहे, काका. पाऊस पडू द्या."

ऑगस्टमध्ये ते एका मुठीचा स्क्रू बदलायला आले. चार दिवस झड लागलेली. चहा होईपर्यंत त्यांनी खिशातून सनमायकाचा तुकडा काढला आणि खणांमधल्या फटीत सरकवला. एक तुकडा गेला, घट्ट. दुसरा जाईना. खण ओढून पाहिला, कुठे अडत नव्हता. त्यांनी तुकडा परत खिशात टाकला आणि बशीत चहा ओतला. बोटं स्वच्छ होती.