चुलीशेजारचा वैल

चूल सगळ्यांना माहीत आहे. तिच्या शेजारचा वैल मात्र फार थोड्यांना आठवतो. मातीच्या चुलीला सरपण घालायचं तोंड एकच असतं. आतून एक वाट काढून बाजूला दुसरं भांडं बसेल अशी जागा केलेली असते. या जागेला वैल म्हणतात. कुठे औल, तर कुठे आवेल. वैलात वेगळी लाकडं घालत नाहीत. मुख्य भांड्याखालून उरलेला जाळ आणि तापलेली हवा त्या वाटेनं जाते आणि वाया जाता जाता आणखी एक भांडं तापवते. आजचा अभियंता याला टाकाऊ उष्णतेचा पुनर्वापर म्हणेल. आपल्याकडे त्यासाठी दोन अक्षरांचा शब्द होता.

वैलावर काय ठेवायचं, यातही शास्त्र आहे. भाताला कढ आला की पातेलं चुलीवरून उचलून वैलावर सरकवायचं आणि मोकळ्या झालेल्या चुलीवर तवा चढवायचा, ही घरोघरची रीत होती. एक लिटर पाणी 25 अंशांवरून 100 अंशांपर्यंत न्यायला साधारण 75 किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच पाण्याची पूर्ण वाफ करायची तर आणखी सुमारे 540 किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे सातपट. पण उघड्या भांड्यातलं पाणी उकळू लागल्यावर खाली कितीही जाळ घाला, ते त्याहून अधिक तापत नाही. वाफ तेवढी वाढते. तांदळाला वाफ दवडायची गरज नसते, आलेली उष्णता टिकवायची असते. वैलाची मंद ऊब नेमकं तेच करते. सुप्त उष्णतेचं प्रकरण शाळेत शिकवताना हे उदाहरण का देत नाहीत, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

चुलीत लाकूड जळतं असं आपण म्हणतो. खरं तर आधी त्यातला ओलावा उडतो, मग लाकूड तापून त्यातून ज्वलनशील वायू सुटतात आणि ज्वाळा दिसते ती त्या वायूंची. मागे उरतो तो कोळसा. त्याचे निखारे होतात. वायूंना पुरेशी हवा किंवा पुरेशी आच मिळाली नाही की ते न जळताच बाहेर पडतात. धूर म्हणजे बऱ्याच अंशी हे न जळालेलं इंधनच. म्हणून धुमसणाऱ्या चुलीत फुंकणीनं फुंकर घातली की भप्पकन जाळ होतो आणि धूर एकदम कमी होतो. आपल्या उच्छ्वासात अजून सुमारे 16 टक्के ऑक्सिजन असतो. शिवाय अरुंद नळीतून वेगानं निघालेला झोत आजूबाजूची ताजी हवाही आत ओढून नेतो.

चुलीच्या काठावरच्या तीन उंचवट्यांचंही तसंच. भांडं त्यांच्यावर टेकतं आणि खाली फट राहते. ती फार लहान असेल तर जाळ गुदमरतो आणि धूर तोंडातून उलटा घरात येतो. फार मोठी असेल तर उष्णता भांड्याला न लागता निसटते. चूल घालणारी बाई हे अंतर बोटांनी मोजत असे. भाकरी तव्यावरून काढून आरासमोर, म्हणजे निखाऱ्यांसमोर, उभी केली की फुगते, कारण निखाऱ्यांची उष्णता किरणांच्या रूपानं थेट तिच्यापर्यंत पोहोचते. रात्री निखारे राखेखाली झाकले की हवा जेमतेम मिळते, ते सावकाश जळत राहतात आणि सकाळी काडी न ओढता विस्तव तयार असतो.

हे सगळं खरं असलं तरी चुलीचे गोडवे गायला माझं मन धजत नाही. किलोभर वाळलेल्या लाकडात साधारण 3,800 किलोकॅलरी ऊर्जा असते. सगळी पाण्याला मिळाली तर पन्नास लिटर पाणी उकळेल. साध्या चुलीत त्यातला जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो, म्हणजे पाच लिटर. उरलेलं माती, हवा आणि धूर यांत जातं. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि फुप्फुसात खोलवर शिरणारे सूक्ष्म कण असतात. घरातल्या अशा प्रदूषणामुळे 2020 मध्ये जगभरात सुमारे 32 लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. धुराच्या सर्वांत जवळ बसते ती स्वयंपाक करणारी बाई आणि तिच्या मांडीवरचं मूल. ‘चूल आणि मूल’ या जोडीकडे आपण सामाजिक अंगानं पाहतो. तिला हे वैद्यकीय अंगही आहे. 1980 च्या दशकात निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. गॅस आला तिथे चूल विझावी, यात हळहळण्यासारखं काही नाही.

शब्द मात्र विझू नयेत. मराठीत चूल म्हणजे नुसती शेगडीची बहीण नव्हे, ती कुटुंबाचं एकक आहे. भाऊ वेगळे झाले की चुली वेगळ्या होतात; सगळ्या घराला जेवायला बोलावलं की ते चूलबंद आवतण. जनगणनेतही कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. म्हणजे नोंद होते ती चुलीचीच. म्हणून हा शब्द टिकेल. हॉटेलांच्या ‘चुलीवरचं मटण’ अशा पाट्यांवर तर तो नव्यानं झळकतो आहे. वैल, आर, फुंकणी यांना असा आधार नाही. ती वस्तू डोळ्यांआड झाली की शब्द जातो आणि त्यात साठवलेलं निरीक्षणही जातं.

तुमच्या घरी चुलीवर रांधलेली आजी, मावशी, आत्या असेल तर तिला विचारा: चुलीशेजारच्या त्या दुसऱ्या जागेला तुमच्या गावात काय म्हणत आणि तिच्यावर काय शिजवत? उत्तर गावाच्या नावासकट लिहून ठेवा.