श्रीखंडातली साखर आणि प्रोटीन पावडर

प्रोटीन पावडर घातली की गोड पदार्थ आपोआप पथ्याचा होतो, हा समज चुकीचा आहे. कर्बोदके कमी होतात ती साखर वगळल्याने. पावडर फक्त प्रथिने वाढवते. ती कुठे शोभते, हे श्रीखंडात दिसते. दही टांगले की पाण्याबरोबर बरीच दुग्धशर्करा निघून जाते, म्हणून चक्क्यात कर्बोदके मुळातच कमी. ती वाढवते नंतर फेटलेली साखर. त्याच पाण्यात व्हे प्रथिनेही वाहून जातात, आणि बाजारातली व्हे पावडर चीज करताना निघणाऱ्या अशाच पाण्यापासून बनते. चक्क्याला ती परकी नाही. शिवाय श्रीखंड शिजवायचे नसते. सुमारे 70 अंश सेल्सियसच्या पुढे ही प्रथिने साकळू लागतात, त्यामुळे उकळत्या खिरीत गुठळ्या होतात.

साखरेविना श्रीखंडाला तो मऊपणा येत नाही, हा आक्षेप खरा आहे. साखर विरघळून चक्का सैल करते, पावडर उलट घट्ट करते. म्हणून वाटीभर चक्क्याला ती चमचाभरच, थोड्या दुधात कालवून घालावी. गोडीला स्टीव्हिया, स्वादाला वेलची-केशर. डब्यावरचा मजकूर मात्र वाचावाच: वजन वाढवण्याच्या पावडरींत बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे कर्बोदकेच, भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन पावडर घेऊ नये.