डंपरचा दोष, रस्त्याचा दोष

चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खुल्या कोळसा खाणी आहेत. कोळशावरची माती आणि दगड, म्हणजे ओबी, आधी हटवावी लागते. ती वाहतात 60 किंवा 100 टनी डंपर. छत्तीसगडच्या कोरबा भागात 240 टनी डंपर धावतात, आणि बेलारूसच्या बेलाझ कंपनीने 2013 मध्ये 450 टनांचा डंपर बाजारात आणला. आकडे ऐकून छाती दडपते. पण पाळीत माल किती निघणार आणि ऑपरेटर धडधाकट घरी जाणार का, या दोन्ही गोष्टी डंपरच्या आकारापेक्षा हॉल रोडवर, म्हणजे खाणीतल्या डंपरच्या रस्त्यावर, जास्त ठरतात, असं माझं ठाम मत आहे.

साधा हिशेब करा. आपल्या खाणनियमांनुसार हॉल रोडचा चढ सर्वसाधारणपणे सोळास एक, म्हणजे सव्वासहा टक्के. घट्ट, कोरड्या रस्त्यावर चाकाला होणारा विरोध साधारण 2 टक्के चढाइतका असतो. पावसाळ्यात चाकोऱ्या पडल्या, चिखल झाला की तोच सहज 5 टक्क्यांवर जातो. इंजिनाला सव्वाआठऐवजी सव्वाअकरा टक्क्यांचा घाट चढावा लागतो. डिझेल जास्त, वेग कमी. त्याच चाकोऱ्यांत स्टिअरिंग खेचलं जातं आणि सांडलेला दगड टायर फाडतो. धुळीवर पाणी मारायलाच हवं, पण उतारावर सलग ओतलं तर रस्ता निसरडा होतो. जाणते टँकरवाले तिथे मध्ये कोरडे पट्टे सोडतात. एक ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र, दिवसभर रस्त्यावर राबवणं कुणाला चैन वाटेल. मला ती खाणीतली सर्वात स्वस्त गुंतवणूक वाटते.

भरलेला डंपर उतरवताना खरं कसब लागतं. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली आणायचा आणि रिटार्डरवर, म्हणजे उतारावर वेग रोखणाऱ्या वेगळ्या यंत्रणेवर, वेग धरून ठेवायचा. सर्व्हिस ब्रेक सतत दाबला तर तो तापतो, आणि नेमक्या गरजेच्या क्षणी धरत नाही. जास्त माल भरणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं: वरचे दहा-वीस टन उत्पादनाच्या तक्त्यात शोभतात, पण टायर, फ्रेम आणि ब्रेक त्यांची किंमत मोजतात.

डंपची, म्हणजे माती ओततात त्या ढिगाची, कड ही सर्वात धोक्याची जागा. कडेचा मातीचा बांध निदान चाकाच्या निम्म्या उंचीचा हवा. तो कड कुठे आहे हे दाखवण्यासाठी असतो, डंपर टेकवून थांबवण्यासाठी नाही. कडेशी काटकोनात, आरशात बांध पाहत हळू मागे यायचं. जमीन ओली, भेगाळलेली असेल तर अलीकडेच माल ओतायचा. डोझर तो पुढे ढकलतो. बॉडी वर असताना पुढे निघायचं नाही, कारण वर विजेची तार असू शकते.

उंच केबिनमधून नाकासमोरची जीप दिसत नाही. उजव्या अंगाला तर अख्खी गाडी लपते. म्हणून जीपवर उंच काठीला झेंडा लावतात, आणि वायरलेसवर ऑपरेटरचं उत्तर आल्याशिवाय जवळ जायचं नाही असा दंडक असतो. रातपाळीत पहाटे तीन ते सहा डोळे मिटू लागतात. त्या वेळी ‘झोप येतेय’ असं सांगणाऱ्याला गैरहजेरीची किंवा बोनस कापण्याची भीती वाटत असेल, तर तो सांगणारच नाही.

ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात 2008 पासून चालकाविना डंपर धावू लागले. पण चाकोऱ्या आणि सांडलेले दगड त्यांनाही चुकत नाहीत. आपल्याकडे मात्र अपघात झाला की पहिला कागद ऑपरेटरच्या नावाने निघतो. सुरक्षा समित्यांना आणि कामगार संघटनांना माझी विनंती आहे: चौकशीच्या पहिल्या पानावर रस्त्याचा चढ, बांधाची उंची, भरलेलं वजन आणि त्या माणसाच्या सलग रातपाळ्या यांची नोंद मागा.