घरासाठीं कुत्रा कसा निवडावा?

बैल घेतांना आमचे शेतकरी बंधू दांत, खूर व चाल पाहतात. देवणी घ्यावा कीं लाल कंधारी, हें आपल्या जमिनीवरून व कामावरून ठरवितात. कुत्रा घेण्याच्या वेळीं मात्र हा विचार कोठें जातो कळत नाहीं. रूप पाहून पिलूं आणलें जातें. पुढें तें साखळीस बांधलें जाऊन दिवसभर भुंकतें, कोंबड्या मारतें, प्रसंगीं घरच्याच मुलास चावतें. दोष कुत्र्याच्या माथीं येतो. वस्तुतः तो निवडीचा असतो.

अहमदपूर व एकंदर लातूर-नांदेड भागाला कारवान व पश्मी या दोन जातिवंत शिकारी कुत्र्यांची परंपरा आहे. कारवानाचे केस आंखूड व गुळगुळीत. पश्मीच्या कानांवर व शेपटीवर लांब, मऊ केस असतात. पश्म म्हणजे लोकर, त्यावरूनच हें नांव. दोन्हीं कुत्रीं उंच, खोल छातीचीं व बारीक कमरेचीं असतात. नाकापेक्षां डोळ्यांनीं सावज हेरणें व जें पळेल त्याच्यामागें धांवणें हा त्यांचा जन्मस्वभाव होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आज ससा वा हरिण मारणें हा गुन्हा आहे. जुनें काम सुटलें, स्वभाव राहिला.

म्हणून ज्याचें घर शेतांत आहे आणि कुत्र्यास रोज दोन वेळां मोकळें धांवविण्यास ज्याच्या घरीं तरुण माणूस आहे, त्यानें ही जात अवश्य पाळावी. अशीं घरें न उरल्यास संकर होऊन ती नाहींशी होईल. दाट वस्तींत ज्याचें घर आहे व दारांत शेळ्या-कोंबड्या आहेत, त्यानें हा मोह आवरावा. या कुत्र्यांच्या फासळ्या थोड्या दिसतातच. तेवढ्यावरून त्यांस चारून लठ्ठ करूं नये.

गोठ्याच्या व अंगणाच्या राखणीस साधा गांवठी कुत्रा बहुतेकांस पुरतो. आमचें ऊन त्यास सोसतें, खाणें बेताचें लागतें, परका माणूस येतांच तो सूचना देतो. जाड केसांचीं विलायती कुत्रीं वैशाखांत ४० अंशांवरील उन्हानें हैराण होतात. त्यांस सावली, पाणी व खर्च अधिक लागतो.

पिलूं आठ आठवड्यांचें होण्यापूर्वीं आईपासून तोडूं नये. आईचा स्वभाव आधीं पाहावा. डोळे स्वच्छ, अंग चपळ असावें. पोट फुगलेलें असल्यास जंतांची शंका घ्यावी. टाळी वाजवितांच दचकून पुन्हां जवळ येणारें पिलूं घ्यावें. कोपऱ्यांत दडून बसणारें मुलांच्या घरांत नेऊं नये. नुसत्या भाकरीवर तें पोसत नाहीं. अंडें किंवा मांस यांची जोड द्यावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट लशीची. तीन महिन्यांचें होतांच पिसाळरोगाची लस टोंचावी व पुढें पशुवैद्याच्या सल्ल्यानें वेळेवर पुन्हां टोंचीत जावी. कुत्रें चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. हळद, चुना वा मिरची भरूं नये. या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर माणूस बहुधा वांचत नाहीं.

कुत्रा दहाबारा वर्षें घरांत राहणार. तेव्हां बैलाइतकाच विचार करून तो निवडावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.