कच्ची कॅसेट आणि एका दमातले गाणे

एप्रिल जवळ आला की आमच्या नाशिकरोडच्या वस्तीत संध्याकाळी पेटी-ढोलकी बाहेर निघते. जयंतीचे नवे गाणे बसवायचे असते. यंदा मात्र गाण्यापेक्षा वादच जास्त झाला. पोरांनी मोबाईलवर गाण्याचा 'डेमो' केला होता, म्हणजे कच्चे गाणे. ते ऐकायचे, चूक काढायची, पुन्हा गायचे, आणि मगच पैसे भरून स्टुडिओत जायचे, असा त्यांचा बेत होता. आमचे वयोवृद्ध ढोलकीवाले बाबा हे ऐकून उठूनच गेले. जाता जाता म्हणाले, "गाणं तीसदा गाऊन मग गाणार? तोवर त्यातला जीव जाईल ना रे!"

मी पडलो कारकून. मंडळाचा हिशेब माझ्याकडे आणि स्टुडिओचे बिल तासावर. त्यामुळे दोन्ही बाजू माझ्याकडेच आल्या.

वाचक बंधू-भगिनींनो, एका दमात गाणे ही जुन्या काळी हौस नव्हती, नाइलाज होता. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी दिली, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि सुई थेट मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. चूक झाली की ती तबकडी बाद. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. एरवी तासभर चालणारा राग तेवढ्यात बसवायचा म्हणजे मनातल्या मनात किती वेळा गावे लागले असेल! तालीम तेव्हाही होती, फक्त ती कुठे उमटत नव्हती.

पुढे टेप आली, कापाकापी शक्य झाली. तरीही सिनेमाची गाणी कितीतरी वर्षे गायक आणि सगळा वाद्यवृंद एकत्र बसूनच होत. शेवटच्या अंतऱ्यात एखाद्या व्हायोलिनवाल्याचा हात चुकला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. पुढे वेगवेगळे ट्रॅक आले. आता ढोलकी सोमवारी, कोरस बुधवारी आणि गायक त्याला सवड होईल तेव्हा. एकमेकांचे तोंडही न पाहता गाणे पूर्ण होते.

आपल्याकडचा हिशेब मात्र निराळा. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांचे जलसे १९३० च्या दशकात गावोगाव फिरत होते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेले वामनदादा कर्डक मुंबईत मोठेपणी अक्षरे शिकले आणि मग त्यांनी हजारो गाणी लिहिली. या गाण्यांची तालीम स्टुडिओत झाली नाही, ती लोकांसमोर झाली. एका गावात कडवे पडले, दुसऱ्या गावात शब्द बदलला, तिसऱ्या गावात बायाबापड्यांनी धृपद उचलून धरले. गाणे रेकॉर्डवर जाण्याआधी शंभर गावांनी ते तपासलेले असे. म्हणूनच प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा आवाज माईकसमोर बिचकत नसे.

कॅसेटने हे चित्र पालटले. १९८० च्या दशकात टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी कॅसेट स्वस्त केली आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. भीमगीतांच्या कॅसेटी ठेल्यावर मिळू लागल्या. त्याचबरोबर दुसरी एक गोष्ट झाली, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. घरातला टेपरेकॉर्डर गाणे नुसते ऐकवत नव्हता, उतरवूनही घेत होता. लाल बटण आणि प्लेचे बटण एकदम दाबले की झाले!

परदेशातली दोन उदाहरणे मी पोरांना सांगितली. बीटल्सने आपल्या पहिल्या अल्बमची दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात केली. शेवटच्या गाण्याला जॉन लेननचा सर्दीने धरलेला घसा फाटत आला होता, आणि पहिल्याच टेकमधला तोच फाटका आवाज जगाने ऐकला. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ साली घरच्या चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर कच्ची गाणी केली. नंतर बँड घेऊन स्टुडिओत तीच पुन्हा करून पाहिली, पण मनासारखी होईनात. शेवटी ती कच्ची कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने बाजारात आली. ऐकून पोरे खूष झाली, बाबाही! दोघांनाही वाटले मी त्यांच्याच बाजूने बोललो.

खरे सांगायचे तर माझ्या डोक्यात दुसरीच कॅसेट होती. मी शाळेत असताना आमच्या गल्लीत एक गायक होते. मुंबईला जाऊन 'खरी' कॅसेट करायची म्हणून वडिलांनी त्यांची सहा गाणी आमच्या खोलीत टेप केली. नमुना म्हणून पाठवायला. नमुना गेला, कंपनीचे उत्तर आले नाही. पुढे ते गायकही गेले. त्यांचा आवाज आता फक्त आमच्याकडच्या त्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर आहे. मध्येच कुकरची शिट्टी आहे, तिसऱ्या गाण्यात आई कुणाला तरी "हळू बोला गं" म्हणते. कुणी त्यावर सिनेमाची गाणी भरू नयेत म्हणून वडिलांनी कॅसेटच्या मागच्या दोन्ही प्लास्टिकच्या खुट्या मोडल्या होत्या. तेवढ्या एका शहाणपणावर सहा गाणी वाचली.

म्हणून मी पोरांना म्हटले, डेमो करा, पण पुसू नका. त्यावर पट्टी ठरवा, कडवी मोजा, गाणे किती मिनिटांचे होते ते पाहा. घड्याळ लावून ही कामे स्टुडिओत करणे आपल्या वर्गणीला परवडणारे नाही. गायचे मात्र सगळ्यांनी एकत्र बसून. कोरसवाल्यांनी गायकाचे तोंड पाहिल्याशिवाय धृपद उचलता येत नाही, हे मी स्वतः मागे बसून झील धरली आहे म्हणून सांगतो.

बाबांना मी घरी जाऊन घेऊन आलो. स्टुडिओत तीन टेक झाले. दुसऱ्यात ढोलकी किंचित पुढे पळाली आहे, तिसरा बिनचूक आहे. मतदान घेतले तेव्हा पोरांनीच दुसऱ्याला हात वर केले. बाबा म्हणाले, "पळाली कुठं, पोरगं मागं राहिलं!" त्यावर अजून वाद चालू आहे. बिल दोन तासांचे झाले, पावती फाईलला लावली आहे.