नको म्हणायचा परवाना

नगरमध्ये पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस सकाळी बूट घालून चालायला निघाला की चौकातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय हो, शुगर निघाली का?" नाही म्हटलं तर पुढचा, जरा आवाज खाली आणून: "मग बीपी?" तेही नाही म्हटलं की समोरचा माणूस आपल्याकडे थोडं संशयानंच बघतो. काही झालेलं नसताना हा पहाटे उठतोय, म्हणजे घरात काहीतरी बिनसलं असणार.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, तोंडात मात्र अजून नगरच येतं. वाडिया पार्कवर पहाटे येणाऱ्यांमध्ये मीही एक आहे. थंडीच्या दिवसांत इथं निम्म्या माणसांचे चेहरेच दिसत नाहीत. कानटोपी, त्यावर मफलर, स्वेटर आणि खाली मुलानं टाकून दिलेले महागडे बूट. बायका साडीवर स्वेटर आणि पायात पांढरे कॅनव्हास घालून येतात, आणि खरं सांगायचं तर त्याच नेटानं चालतात. पुरुषांच्या घोळक्याचं चालणं विषयावर अवलंबून असतं. कांद्याचा भाव, मुलीचं स्थळ, गुडघा या विषयांवर पाय चालू राहतात. राजकारण निघालं की वेग कमी होतो, आणि मुद्दा फारच महत्त्वाचा झाला की सगळे थांबून गोल करून उभे राहतात. मनगटावरच्या घड्याळात मात्र "आज तासभर" अशी नोंद होते.

दीक्षितांच्या आहारपद्धतीनं महाराष्ट्राला एक आकडा पाठ करून दिला आहे: पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनदाच जेवायचं सूत्र पाळणारे थोडे, पण हा आकडा सगळ्यांना माहीत. त्याआधी दहा हजार पावलांचा होता. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याचं यंत्र विकताना रूढ झाला, त्यामागं वैद्यकीय संशोधन नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा. पहिली अट मैदानावर बरेच जण पाळतात. दुसरी पाळताना मी फारच थोड्यांना पाहिलं आहे.

आता हिशेब करू. बहात्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसानं साडेचार किलोमीटर नेटानं चाललं तर सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात साधारण तीनशे असतात. आणि मैदानाबाहेर पडल्यावर समोर काय असतं? कढई. सकाळी सातला तेल नुकतं तापलेलं असतं. पहिल्या घाण्याचे वडे पिवळेधमक असतात, संध्याकाळसारखे तांबूस नाहीत. गाडीवाला झारा कढईच्या काठावर दोनदा आपटतो, तेल निथळतं, वडे पेपरावर पडतात. मग उभ्या चिरलेल्या मिरच्या त्याच तेलात जातात आणि वर येताना त्यांच्या सालीवर पांढरे फोड आलेले असतात. मूठभर जाडं मीठ वरून. तो खाट आणि तो झाऱ्याचा आवाज रस्त्याच्या पलीकडच्या बाजूलाही येतो, त्यामुळं पलीकडून जाण्याचा काही उपयोग होत नाही.

पण वडा हा खरा शत्रू नाही असं माझं मत झालं आहे. वड्यासमोर एकटा माणूस कसाबसा टिकतो. वडा बोलत नाही. टिकत नाही तो माणसांसमोर.

चहाचंच घ्या. टपरीवर बिनसाखरेचा चहा मागणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण टपरीवरच्या पातेल्यात साखर पावडरीबरोबरच, दूध ओतायच्याही आधी पडलेली असते. बिनसाखरेचा हवा तर वेगळं छोटं पातेलं चढवावं लागतं, गर्दीच्या वेळी एक शेगडी अडवावी लागते. चहावाला करतो, पण आधी विचारतो, "डॉक्टरनं सांगितलंय का?" हो म्हटलं की ताबडतोब पातेलं चढतं. "नाही, आपलं असंच" म्हटलं की, "मग घ्या की आजच्या दिवस." एका कपात दोन चमचे धरले तर दहा ग्रॅम साखर. घरचा एक, मैदानाबाहेरचा एक, ऑफिसातले दोन, संध्याकाळी कुणाकडं तरी एक. पाच कप म्हणजे ५० ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाच्या दिवसाच्या वरकड साखरेला घातलेली मर्यादाही साधारण तेवढीच. शक्य तर त्याच्या निम्मी घ्या, असं ती म्हणते. म्हणजे पेढा, जिलबी, शिरा यांच्याकडं बघायच्याही आधी कोटा संपला.

त्यात हा साखरेचा जिल्हा. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० साली पहिलं गाळप झालं, आणि पुढं या जिल्ह्याचं राजकारण, शाळा, दवाखाने, लग्नं सगळं उसाभोवती फिरू लागलं. सभासदाला दिवाळीला कारखान्याकडून सवलतीची साखर मिळते. घरात आलेलं पोतं कुणी परत करत नाही. आमच्याकडं साखर कमी खाणं हे जरासं कारखान्याशी फितुरी केल्यासारखंच दिसतं.

याच शहरात बिनदुधाचा चहा घेणारा एक माणूस राहून गेला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीला भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं, त्यात मौलाना आझाद होते. 'गुबार-ए-खातिर' या त्यांच्या पत्रसंग्रहात त्यांनी आपल्या चिनी चहाचं कौतुक केलं आहे, आणि दूध घालून उकळलेल्या हिंदुस्थानी चहाला चहा म्हणायलाच ते तयार नाहीत. साखर मात्र त्यांना लागायची, तीही स्वच्छ पांढरी. त्याच आवारात बावन्न वर्षांचे नेहरू उन्हातान्हात फुलांचे वाफे खणत होते. दगडविटांची, जुन्या बांधकामाच्या राडारोड्याची ती जमीन. पन्नाशीतल्या माणसाला खणण्यासारखा व्यायाम नाही, आणि किल्ल्यात लग्नाचं आमंत्रण यायचा प्रश्न नव्हता. त्या किल्ल्याचा घेर सुमारे पावणेदोन किलोमीटरचा आहे.

वजनाबद्दल आपण स्वतःशी दोन खोट्या गोष्टी बोलतो. पहिली पॅन्टची. "माझा कंबरेचा नंबर वीस वर्षं चौतीसच आहे," असं सांगणारे मैदानावर निदान चार जण आहेत, आणि चारही जण खरं बोलतात. पोट वाढलं तसा पट्टा हळूहळू पोटाखाली उतरला, नंबर तोच राहिला. टेप बेंबीच्या पातळीवर लावायची असते. तिथं भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० ही धोक्याची रेघ, गोऱ्या लोकांपेक्षा बरीच अलीकडं ओढलेली. ती अलीकडं का, याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामात सापडतं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, आणि बारीक दिसणाऱ्या याज्ञिकांची २१.२. त्यामुळं "मी कुठं जाड आहे?" हे वाक्य आपल्याकडं फारसं कामाचं नाही.

दुसरी गोष्ट वयाची. चाळिशीनंतर शरीराचा खर्चच कमी होतो, आपण तरी काय करणार, असं सगळे म्हणतात. २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या हजारो माणसांच्या अभ्यासात, अंगकाठीचा फरक बाजूला काढला तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो असं दिसलं. कमी होतं ते हालणं आणि स्नायू. आपल्याकडं याचा जिवंत पुरावा म्हणजे निवृत्त पैलवान. २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत याच वाडिया पार्कवर झाली, पृथ्वीराज मोहोळनं गदा जिंकली, आणि तेव्हा प्रेक्षकांत जिल्हाभरातले जुने मल्ल बसलेले होते. कान मोडलेले, मान जाड, आणि पोट पुढं. कसरत सुटते, खुराक सुटत नाही. दूध, तूप, बदाम यांची सवय राहते आणि रोजचे हजार सपाटे जातात.

तरीही मला व्यायामशाळेपेक्षा तालमीचीच रीत पटते. एका वस्तादांनी मला सांगितलं, जोर-बैठका नंतर, आधी मांडी घालून खाली बस आणि हात न टेकता उठून दाखव. करून बघा. पहिल्यांदा उजवा हात आपोआप जमिनीकडं जातो. मग ते गुडघ्यावर हात ठेवू देतात, पण जमिनीवर नाही. मग एक पाय आडवा, टाच ढुंगणाजवळ, वजन पुढं, आणि मांडीचा स्नायू थरथरत थरथरत सगळं अंग वर आणतो. एरवी त्या मांडीची आपल्याला आठवणही नसते. पंगतीत आमच्या आजोबांच्या वयाची माणसं असंच उठायची, पत्रावळीसकट. आता लग्नात टेबलखुर्च्या असतात आणि घरात डायनिंग टेबल.

पंगत म्हटली की मूळ मुद्दा आलाच. आमच्या भागात नको म्हणायला परवाना लागतो, आणि तो देणारी दोनच कार्यालयं आहेत: देव आणि डॉक्टर. "आज एकादशी आहे" म्हटलं की वाढपी आदरानं पुढं सरकतो. "शुगर आहे" म्हटलं की जिलबीचं ताट झटकन मागं जातं, शेजारचा हळहळतो आणि आपल्या साडूच्या शुगरची गोष्ट सांगतो. पण "वजन कमी करतोय" या वाक्याला काडीची किंमत नाही. उलट ते ऐकलं की वाढपी दोन वाढतो. "एवढ्यानं काय होतंय?" लग्न, वास्तुशांत, सप्ताहाची आमटी-भाकरी, हिवाळ्यातला हुरडा, अधिक मासातले जावयाचे धोंडे, सगळीकडं हेच वाक्य. आणि ते म्हणणारा माणूस प्रेमानंच म्हणत असतो, ही खरी अडचण. आजारी पडलात तर तोच माणूस दवाखान्यात डबा घेऊन येईल. आजारी पडू नये म्हणून काही करताय, तर ते त्याला त्याच्या घरच्या अन्नाचा अपमान वाटतं.

देवाचा परवाना तसा फसवाच. एकादशीच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, वर राजगिऱ्याचा लाडू. रोजच्या भाकरी-पालेभाजीपेक्षा हा उपवास कितीतरी जड.

बायकांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना आग्रह बाहेर होतो त्याहून जास्त स्वतःच्या ओट्यावर होतो. मुलानं अर्धी टाकलेली पोळी, पातेल्याला उरलेला भात, नवऱ्यानं "आता नको" म्हणून सरकवलेला शिरा. टाकवत नाही. मैदानावर येणाऱ्या एक वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी माझं जेवण कमी केलंय, पण बाकीच्यांचं उरलेलं कमी होत नाही ना." त्यांना चार माणसांचे डबे करायचे असतात, म्हणून त्या पाच वाजता येतात आणि कुणाशी न बोलता झपाझप फेऱ्या मारून जातात.

या जिल्ह्यात मोह कमी करायचा एक दुसरा मार्गही लोकांनी करून पाहिला आहे. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे १९७५ च्या सुमारास परतले, दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, आणि पुढं गावातल्या दुकानांतून विडी-तंबाखूही गेली. हिवरेबाजारात १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाल्यावर कुऱ्हाडबंदी, चराईबंदीच्या जोडीला नशाबंदी आली. राळेगणच्या सुरुवातीच्या दिवसांत दारुड्यांना खांबाला बांधून मारल्याचेही किस्से आहेत, आणि ते मला कधीच पचले नाहीत. पण दुकानातून वस्तूच उचलली की प्रत्येकाला रोज सकाळी स्वतःशी कुस्ती खेळावी लागत नाही, हे खरं. साखरेबाबत असला ठराव आमची कुठलीही ग्रामसभा करणार नाही. करील तर पुढच्या निवडणुकीत कळेल.

म्हणून मैदानावरच्या मंडळींनी आपापले खोटे परवाने तयार केले आहेत. एक जण सगळ्यांच्या चहाचे पैसे स्वतः देतो, पैसे देणाऱ्याच्या हातात कप आहे की नाही हे कुणी बघत नाही. एकानं वर्षभर दातांचं निमित्त चालवलं. सध्या सगळ्यांत जोरात आहे ते "बॉर्डरवर आहे." तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सी तपासणी ५.७ ते ६.४ च्या मध्ये आली की डॉक्टर मधुमेहाच्या उंबरठ्यावर म्हणतात. गोळी नाही, इंजेक्शन नाही, पण शब्दात दवाखान्याचं वजन आहे. आमच्यातल्या ज्यांचा रिपोर्ट ५.२ आहे तेसुद्धा हल्ली बॉर्डरवर असतात.

परवा एका वास्तुशांतीत मीही ते वापरून पाहिलं. यजमानीण बाई बासुंदीची वाटी घेऊन उभ्या होत्या. म्हटलं, "वहिनी, बॉर्डरवर आहे." त्यांचा चेहरा खरोखर काळजीचा झाला. क्षणभर त्यांनी वाटीकडं पाहिलं.

"अगं बाई," म्हणाल्या, "मग अर्धीच घ्या."